फियाटचे दिवे आणि करंटची खतावणी



सुरतच्या मराठी घरांचा इतिहास लिहायचा तर त्यात सुरत-धुळे रस्ता यायलाच हवा. उधना-लिंबायतच्या खानदेशी कुटुंबांची लग्नं, बारशी, दहावं-तेरावं, सगळी ये-जा याच रस्त्याने. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर मागे पडलं की कोंडाईबारीचा घाट. तिथे रात्री हेडलाइट फडफडायला लागले की गाडीतल्या गप्पा एकदम बंद व्हायच्या.

त्या काळी गाडी म्हणजे बहुधा फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच पुढे पद्मिनी झाली.

जुन्या फियाटला डायनॅमो असे. इंजिन हळू फिरलं की त्यातून पुरेसा करंट येत नसे, सगळा भार बॅटरीवर पडे. म्हणून रेल्वे फाटकापाशी थांबलं की दिवे पिवळट, ॲक्सिलरेटर दाबला की लख्ख. हा बिघाड नव्हे, डायनॅमोचा स्वभावच तो. पण चालत्या गाडीत दिवे कमी-जास्त होऊ लागले की कटआउटचे पॉइंट, कार्बन, पट्टा हे बघावं लागे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. तिला अल्टरनेटर. गाडी उभी असतानाही तो पुरेसा करंट देतो. लोकांना वाटलं, फडफड संपली.

मग ऑगस्ट २००६ चा पूर आला. उकाईतून सुटलेलं तापीचं पाणी शहरात शिरलं, गाड्या बुडाल्या. इंजिन धुतलं, ऑइल बदललं, सीट वाळवल्या. पण वायरींच्या जोडांत शिरलेला गाळ आणि ओल कोण बघणार? असे जोड आतल्या आत गंजतात, तांब्यावर हिरवट थर चढतो. काही महिन्यांनी दिवे लागतात-विझतात. खड्डा आला की गेले, गॅरेजमध्ये नेलं की ठीक! मग लोक बल्ब बदलत बसतात.

आम्हा कॉमर्सवाल्यांना हे लगेच समजावं. एक बाजू नावे पडली की दुसरी जमा पडलीच पाहिजे. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यात जातो आणि गाडीच्या पत्र्यातून परत बॅटरीत येतो. या परतीच्या वाटेला अर्थ म्हणतात. तिथला एक बोल्ट गंजला की खतावणी जुळत नाही.

तपासायचं असं. एकच दिवा फडफडत असेल तर त्याच बाजूचा होल्डर आणि अर्थ बघा. दोन्ही फडफडत असतील तर दोघांना सामाईक असलेलं काही: बॅटरीचे टर्मिनल, मुख्य अर्थ, दिव्याचा स्विच, रिले किंवा चार्जिंग. फक्त डिपर मारल्यावर होत असेल तर डिपरचा स्विच. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा वरखाली नाचत असेल तर अल्टरनेटर किंवा रेग्युलेटरकडे वळा. आकडा स्थिर असेल तर दिवे चालू ठेवून वायरी एकेक करून हळूच हलवा. जिथे दिवा थरथरेल तिथेच दुखणं. टर्मिनल साफ करायचे असतील तेव्हा गाडी बंद करून ऋण टर्मिनल आधी काढा.

आणि वाटेतच फडफड सुरू झाली तर घाट चढण्याआधी नवापूरला थांबून घ्या. लग्नाला उशिरा पोचलेलं चालतं.