एका नावाखाली दोन ऑक्टोपस

मी यवतमाळचा. आमच्याकडे समुद्र नाही, कापूस आहे. देशी कोणता, अमेरिकन कोणता, हे शेतकरी बोंड पाहूनच सांगतो. ऑक्टोपसच्या बाबतीत मात्र घोळ झाला.

१८४९ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रे यांनी ‘सिस्टोपस’ हा गट वेगळा काढला. खूण काय? हातांच्या बुडाशी, दोन-दोन हातांमध्ये इवल्या पिशव्या. मग भारतात असा ऑक्टोपस दिसला की म्हणायचं ‘सिस्टोपस इंडिकस’! तो मुंबईच्या मासळी बंदरांवरही येतो. २०१५ मध्ये संशोधकांनी नीट निरखलं, तर नैऋत्य किनाऱ्यावर दुसरीच जात निघाली: सिस्टोपस प्लॅटिनॉइडस.

फरक काय पडतो? बहुतेक ऑक्टोपसची मादी एकदाच अंडी घालते, ती राखते आणि मरते. त्याआधीच जाळ्यात सापडली, तर तिची पिढीच गेली. कोणती जात किती उरली, हे वेगळ्या नावाशिवाय मोजणार कसं?