‘ट्रॉमा’ म्हणजे नेमकं काय? एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ

पेपर अवघड गेला, ‘ट्रॉमा’. ब्रेकअप झालं, ‘ट्रॉमा’. सोशल मीडियावर हा शब्द हल्ली रोज दिसतो. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस किंवा मराठवाड्यातलं कुठलंही गाव घ्या, बोलण्यात मात्र जुनेच शब्द येतात : ‘त्यानं धसका घेतला’, ‘तिनं हाय खाल्ली’. मग धसका म्हणजेच ट्रॉमा का? त्यासाठी या शब्दाचे अर्थ वेगळे करून पाहावे लागतात.

शरीराची जखम

ट्रॉमा हा मूळ ग्रीक शब्द. अर्थ, जखम. डॉक्टर आजही तो याच अर्थानं वापरतात. महामार्गालगतच्या ‘ट्रॉमा केअर सेंटर’मध्ये अपघातातल्या जखमींवर तातडीचे उपचार होतात, समुपदेशन नव्हे.

मनाची जखम

१९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं ‘पीटीएसडी’ या आजाराला अधिकृत मान्यता दिली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल त्यामागे होते. जिवावर बेतलेला प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण टाळणं, सतत दचकणं, झोप उडणं ही त्याची लक्षणं. ती महिन्याहून जास्त टिकली आणि रोजचं जगणं अवघड झालं, तर तो आजार मानतात. मात्र आघात सोसलेल्या प्रत्येकाला तो होत नाही. माणसांचा आधार मिळाला तर बहुतेक जण हळूहळू सावरतात.

मराठवाड्यातलं ठळक उदाहरण किल्लारीचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गणेश विसर्जन आटोपून झोपलेली गावं भूकंपात गाडली गेली. सुमारे १० हजार माणसं गेली. पडलेली घरं पुन्हा बांधता आली, पण मनातली भीती ढिगाऱ्याबरोबर उचलली गेली नाही.

रोज थोडी थोडी होणारी जखम

दुष्काळ, नापिकी आणि कर्ज ही एका रात्रीत येणारी संकटं नाहीत. वैद्यकीय व्याख्येत हा ताण ‘ट्रॉमा’त बसेलच असं नाही. पण घरातल्या कर्त्या माणसानं आत्महत्या केली, तर मागे राहिलेल्यांसाठी तो आघातच असतो. त्यात शासनाची १ लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावं लागतं. त्यासाठी जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणाचं, हे कागदावर दाखवावं लागतं. ‘अपात्र’ शेरा पडला की दुःख तेवढंच राहतं, मदत मात्र थांबते. २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला. त्यात परभणीही आहे. ताणाखालच्या शेतकऱ्यापर्यंत समुपदेशन आधीच पोहोचवणं हा त्याचा हेतू.

समाजाची जखम

काही आघात एका घराचे नसतात. मराठवाड्यात रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची नोंद पंडित सुंदरलाल समितीनं केली, पण तो अहवाल अनेक दशकं बाहेर आला नाही. १९७८ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नामविस्तार झाला तो थेट १४ जानेवारी १९९४ रोजी. म्हणजे सार्वजनिक आयुष्यात जखम किती खोल, एवढाच प्रश्न नसतो. ती कोणाची आणि ती मान्य कोण करतं, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं.

मग शब्द जपून वापरायचा का?

शब्द वापरायला हरकत नाही. पण जखम कोणती, हे ओळखलं तरच उपाय सापडतो. हाड मोडलं तर शस्त्रक्रिया, मन मोडलं तर समुपदेशन किंवा मानसोपचार, कर्जाचा फास असेल तर धोरण आणि सामूहिक अन्याय असेल तर न्याय. नुसतं समुपदेशन करून कर्ज फिटत नाही आणि नुसत्या पैशानं झोप परत येत नाही.

घरात कोणी गप्प झालं, जेवण-झोप सुटली, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलू लागलं, तर ‘मन घट्ट कर’ म्हणून विषय संपवू नये. शेजारी बसून ऐकावं, एकटं सोडू नये. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. तिथं ‘ट्रॉमा’ हा शब्द माहीत असण्याची गरज नाही. ‘धसका घेतलाय’ एवढं सांगितलं तरी पुरतं.