लष्करी अळी नेमकी कोणती? २००८च्या नोंदी वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी राजापेठच्या खोलीवर मी जुनी कात्रणं चाळत बसलो होतो. शोधायचा शब्द एकच, ‘लष्करी अळी’. सापडलं ते सगळं एका फाइलमध्ये कोंबलं आणि तिथेच फसलो. तुम्हीही फसाल, म्हणून सांगतो.

२००८च्या खरिपात विदर्भातल्या सोयाबीनवर तुटून पडली ती स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे तंबाखूवरची पाने खाणारी अळी. २०१८पासून मक्यावर दिसते ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, अमेरिकेतून आलेली. ज्वारी-भातावरची मिथिम्ना तिसरीच. लोकांच्या तोंडी तिन्ही लष्करीच! त्यामुळे बातमीत आधी पीक आणि महिना बघा, मगच तक्ता भरा.

लिट्युरा काही नवी नव्हती. फॅब्रिशिअसने तिचं वर्णन १७७५मध्येच केलं होतं. वऱ्हाडात नवं होतं ते मूग-उडीद, ज्वारीची जागा घेत मैलोगणती पसरलेलं सोयाबीन. मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते, एका पुंजक्यात दोन-तीनशे. बारक्या अळ्या आधी एकत्रच खातात, पानाची जाळी होते. तेवढ्यात जाळीची पानं तोडून नष्ट केली तर काम सोपं. मोठ्या झाल्या की त्या पांगतात, दिवसा मातीत-पालापाचोळ्यात दडतात आणि मग फवारणीही नीट लागू पडत नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात असतात ते मोजके दिवस. गावोगावच्या आठवडी नोंदी असत्या तर ते दिवस आधी कळले असते. तशी व्यवस्था, ‘क्रॉपसॅप’, राज्यात सुरू झाली २००९-१० पासून, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर.

आता तुमच्या प्रबंधाकडे येऊ. ३०वा हवामान आठवडा (२३ ते २९ जुलै) धरून मोजणी सुरू कराल, पाऊस-आर्द्रतेशी सहसंबंध काढाल. दोन हंगामांच्या आकड्यांवर लगेच ‘पावसामुळे अळी वाढली’ असं लिहू नका. त्याच आठवड्यांत पीकही वाढत असतं, पानं वाढतात. शिवाय ओल टिकली की नोमुरिया बुरशी लागते. अळी ताठ होऊन मरते, आधी पांढरी दिसते, मग हिरवट भुकटीने माखते. तोच पाऊस इथे अळी कमी करतो.

माझा पहिला तक्ता बघून सरांनी एवढंच विचारलं, “मेलेल्या मोजल्या का?”

नव्हत्या मोजल्या. अख्खा हंगाम फक्त जिवंतच लिहिल्या होत्या.