ऑर्ग-बेबल

ऑर्ग-बेबल ही ईमॅक्स या मजकूर-संपादकातील एक सुविधा असून तिच्या साहाय्याने एकाच फाइलमध्ये निरनिराळ्या प्रोग्रॅमिंग भाषांतील कोडचे तुकडे गद्य विवेचनासह लिहिता येतात, जागच्या जागी चालवता येतात आणि त्यांची उत्तरे त्या-त्या तुकड्याखाली उतरवून घेता येतात. संपादक स्वतः यांपैकी बहुतेक भाषा जाणत नाही. तो कोड त्या भाषेच्या संगणकावरील दुभाष्याकडे (इंटरप्रिटर) किंवा संकलकाकडे (कंपायलर) सोपवतो आणि आलेले उत्तर मजकुरात मांडतो.

ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला, तर रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने लिहिलेला ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये प्रसृत झाला. त्याचा बराचसा भाग लिस्प कुळातील भाषेत लिहिलेला असल्यामुळे वापरणाऱ्याला त्यात नव्या क्षमतांची भर घालता येते. नेदरलँड्समधील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी टिपणे व कामांच्या याद्या सांभाळण्यासाठी २००३ मध्ये त्यावर ऑर्ग-मोड रचला. एरिक शुल्टे आणि डॅन डेव्हिसन यांनी त्याला बेबलची जोड दिली आणि २०१० मध्ये ती ऑर्गच्या सातव्या आवृत्तीचा भाग झाली.

यामागील वैचारिक परंपरा डोनाल्ड कनूथ यांच्या ‘लिटरेट प्रोग्रॅमिंग’ची आहे. आज्ञावली यंत्रासाठी नव्हे, तर प्रथमतः माणसाने वाचावी म्हणून लिहावी आणि तिचे भाग विवेचनाच्या ओघात यावेत, असा विचार त्यांनी १९८४ मधील निबंधात मांडला. त्यांच्या ‘वेब’ या प्रणालीत पास्कल भाषेतील कोड आणि टेक या अक्षरजुळणी-प्रणालीतील मजकूर एकत्र असे. बेबलने हे बंधन सैल केले व प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र भाषा निवडण्याची मुभा दिली.

कोडचा तुकडा आरंभ आणि शेवट दाखवणाऱ्या दोन खुणेच्या ओळींमध्ये लिहिला जातो. आरंभीच्या ओळीत भाषेचे नाव आणि तुकडा कसा चालवावा हे सांगणारी विशेषणे असतात. तुकड्यात कर्सर ठेवून कंट्रोल कळीसह ‘सी’ दोनदा दाबले की तुकडा चालतो. सी भाषेतील कोड आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून संकलित केला जातो, तर पायथन किंवा आर या भाषांतील कोड थेट दुभाष्याकडे जातो. उत्तर म्हणून कोडने छापलेला मजकूर घ्यायचा की त्याचे अंतिम मूल्य, हे ठरवता येते. एरवी बहुतेक भाषांत प्रत्येक तुकडा नव्या प्रक्रियेत चालतो व आधीचे काही स्मरणात राहत नाही. मात्र ‘सेशन’, म्हणजे चालू ठेवलेले सत्र, मागितल्यास एका तुकड्यात ठरवलेली चलपदे पुढच्या तुकड्यात उपलब्ध राहतात. सी भाषेसाठी अशी सत्रे उपलब्ध नाहीत.

दोन भाषांमधील देवघेव हा या रचनेचा गाभा आहे. तुकड्याला नाव दिल्यास त्याचे उत्तर दुसऱ्या भाषेतील तुकड्याला चलपद म्हणून पुरवता येते. उदाहरणार्थ, शेलने फायलींची नावे आणि आकार गोळा करावेत व त्यांवरून आरने आलेख काढावा. पायथनची यादी आणि आरची डेटाफ्रेम यांची अंतर्गत रचना भिन्न असली, तरी दोन्हींचे रूपांतर ऑर्गच्या साध्या तक्त्यात होते आणि तो तक्ताच मध्यस्थाचे काम करतो. ही सोय वाचकाला उघड दिसणारी असली, तरी तक्त्यात न मावणारी गुंतागुंतीची रचना वाटेत हरवते; मोठी माहिती म्हणूनच सहसा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिचा केवळ पत्ता पुढे दिला जातो.

‘टँगल’ या क्रियेने विवेचन वगळून कोडच्या स्वतंत्र फायली तयार करता येतात, तर निर्यातीने तोच मजकूर एचटीएमएल किंवा लाटेक स्वरूपात प्रसिद्ध करता येतो. संशोधनलेखातील आकडे आणि ते काढणारा कोड एकत्र राहत असल्याने इतरांना ती गणिते पुन्हा करून पाहता येतात. शुल्टे, डेव्हिसन, थॉमस डाय व डोमिनिक यांनी २०१२ मध्ये ‘जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर’मधील लेखात हाच उपयोग विशद केला. ज्युपिटर नोटबुक या अशाच दुसऱ्या साधनात सामान्यतः संपूर्ण वहीला एकच भाषा असते व ती जेसन या माहितीरचनेत साठवली जाते. ऑर्गची फाइल साधा मजकूर असल्याने तिच्यातील बदल आवृत्ती-नियंत्रणात सहज वाचता येतात.

परक्या फाइलमधील कोड घातक असू शकतो, म्हणून तुकडा चालवण्यापूर्वी ईमॅक्स संमती विचारतो आणि मुळात ईमॅक्स लिस्पखेरीज इतर भाषा बंद ठेवतो. दीर्घ गणित चालू असताना संपादक सहसा थांबून राहतो. शिवाय फाइलमध्ये कोड नोंदला जात असला, तरी दुभाष्यांच्या आणि कोडने वापरलेल्या लायब्ररींच्या आवृत्त्या आपोआप नोंदल्या जात नाहीत. त्या लेखकाने वेगळ्या नमूद केल्या नाहीत, तर दुसऱ्या संगणकावर तेच उत्तर मिळेल याची खात्री देता येत नाही.