लाइन आल्यावर मोटार ३० सेकंद का थांबते? प्रोग्रामेबल टायमर-काउंटर सोप्या भाषेत

मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडे शेतीपंपाची लाइन ठरलेल्या वेळी येते, कधी दिवसा तर कधी रात्री. गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत एका डीपीवर बऱ्याच मोटारी असतात आणि बहुतेकांना ऑटो स्विच लावलेला असतो. थेट सुरू होणारी मोटार त्या क्षणी नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. सगळ्या एकदम सुरू झाल्या तर व्होल्टेज पडतं, फ्यूज उडतो, कधी डीपीच जळते. मग नवीन डीपी बसेपर्यंत पीक वाळतं. म्हणून ऑटोमध्ये थोडा वेळ थांबायची सोय असते. हा वेळ कोण मोजतं? चला, पाहूया.

टायमर आणि काउंटर वेगळे असतात का?

आतून दोन्ही एकच. आलेले ठोके, म्हणजे पल्स, मोजणारं सर्किट. ठोके नियमित असतील, उदा. क्रिस्टलमधून येणारे, तर मोजलेली संख्या म्हणजे वेळ. हा झाला टायमर. ठोके बाहेरच्या सेन्सरकडून येत असतील, तर ती संख्या म्हणजे घडलेल्या घटना. हा झाला काउंटर.

तुमच्या घरच्या वीज मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा बघा. मीटरवर ३२०० इम्पल्स असं लिहिलं असेल तर ३२०० लुकलुकी म्हणजे १ युनिट. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून एका मिनिटात ३२ लुकलुकी मोजल्या, तर तासाला ०.६ युनिट, म्हणजे घरात ६०० वॉटचा भार चालू आहे. इथे तुम्ही काउंटर आणि स्टॉपवॉच टायमर! तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असेल तर हिशेबात तो घ्या.

८२५३ चिप कशी काम करते?

प्रोसेसर आणि बाहेरची उपकरणं यांना जोडणारा बोर्ड म्हणजे इंटरफेस बोर्ड. डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ८०८५ किटला जोडायच्या अशाच एका बोर्डवर इंटेलची ८२५३ चिप असते. १९८१ च्या आयबीएम पीसीतही हीच होती. तिच्यात तीन स्वतंत्र काउंटर असतात. प्रत्येकाला तीन पिना:

• क्लॉक: इथून ठोके येतात.
• गेट: मोजायची परवानगी.
• आउट: मोजणी झाल्याची खबर.

आधी कंट्रोल वर्ड पाठवून सहापैकी एक मोड निवडायचा, मग आकडा भरायचा. प्रत्येक ठोक्याला आकडा एकने कमी होतो. मोड ० मध्ये तो शून्यावर आला की आउट पिन हाय होते. त्या पिनेवर ट्रान्झिस्टरमार्फत रिले चालतो आणि रिले स्टार्टरला इशारा देतो. तोवर प्रोसेसर दुसरी कामं करायला मोकळा.

३० सेकंदांचा हिशेब

समजा क्लॉक १ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे सेकंदाला १० लाख ठोके. काउंटर १६ बिटचा, त्यात जास्तीत जास्त ६५,५३६ ठोके मावतात. एवढ्याने ०.०७ सेकंदसुद्धा होत नाही! म्हणून दोन काउंटर साखळीत जोडायचे. पहिला १००० ने भागतो, तर दुसऱ्याला सेकंदाला १००० ठोके मिळतात. दुसऱ्यात ३०,००० भरले की झाले ३० सेकंद.

पण डीपीवरच्या सगळ्यांनी ३० च ठेवले तर? सगळ्या मोटारी तिसाव्या सेकंदाला एकदम उठतील, काहीच फायदा नाही! ‘प्रोग्रामेबल’चा खरा उपयोग इथे आहे. एकाने ३०,००० भरावे, दुसऱ्याने ४५,०००, तिसऱ्याने ६०,०००. चौथ्याला ९० सेकंद हवे असतील तर ९०,००० मावणार नाहीत. त्याने पहिल्या काउंटरला २००० ने भागायला लावायचं आणि दुसऱ्यात ४५,००० भरायचे.

लाइन गेली तर?

८२५३ मधला आकडा वीज जाताच पुसला जातो. मोटारीच्या बाबतीत हे चांगलंच. लाइन परत आली की प्रोसेसर आकडा पुन्हा भरतो आणि थांबणं पहिल्यापासून सुरू होतं. पण तुम्ही फ्लो सेन्सर लावून किती पाणी दिलं ते मोजत असाल, तर रात्रभराचा हिशेब गेला. अशा वेळी आकडा ईईप्रॉममध्ये साठवतात. आर्डुइनो उनोच्या चिपमध्ये ती असते, पण एका जागी सुमारे १ लाख वेळा लिहिण्याचीच हमी. दर सेकंदाला लिहिलं तर ती मर्यादा २८ तासांत गाठली जाते. दर १० मिनिटांनी लिहा, जवळपास दोन वर्षं पुरेल.

प्रयोग करायचा तर बोर्डवर आधी एलईडी लावून बघा. थ्री फेज स्टार्टरची जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्या. आणि डीपीवरच्या शेजाऱ्यांना एकदा विचारा, तुमचा ऑटो किती सेकंदांवर आहे?