ग्रंथांच्या वाटेने बेळगाव-निपाणीचा इतिहास



आपण सीमाभागात राहणारी माणसे आहोत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून येथला प्रत्येक शिलालेख, प्रत्येक बुरूज आणि प्रत्येक गावाचे नाव कोणाच्या ना कोणाच्या बाजूने साक्षीला उभे केले जाते. साक्षीदाराला बोलू देण्याआधीच त्याची जबानी लिहून ठेवण्याची ही सवय मला घातक वाटते. म्हणून आजच्या विवेचनात मी निकालापेक्षा साक्षीदारांकडे, म्हणजे या भूमीचा इतिहास ज्यांनी ग्रंथबद्ध केला त्या लेखकांकडे, आपले लक्ष वेधणार आहे.

पुरातत्त्वापासून प्रारंभ करतो. पश्चिम भारताच्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचा पहिलाच अहवाल बेळगाव आणि कलादगी या जिल्ह्यांचा आहे. जेम्स बर्जेस यांनी १८७४ साली पहिल्या हंगामाचे काम केले ते आपल्या परिसरात. त्याच काळात जॉन फेथफुल फ्लीट हा तरुण मुलकी अधिकारी शिक्षण खात्याचा निरीक्षक म्हणून दक्षिण विभागात होता. शाळा तपासण्याच्या कामातून सवड काढून त्याने या प्रदेशातील ताम्रपट व शिलालेख वाचले. खानापूर तालुक्यातील हलशीचे, म्हणजे प्राचीन पलाशिकेचे, कदंब ताम्रपट त्याने प्रसिद्ध केले आणि १८८२ मध्ये कानडी जिल्ह्यांतील राजवंशांचा इतिहास लिहिला.

बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती आपण सर्वांनी पाहिली आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या मंत्र्याने उभारलेल्या जिनालयाला दिलेल्या दानाची हकीकत सांगणारे इ. स. १२०४ चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. लायोनेल बार्नेट यांनी ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या तेराव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांत केवळ राजाची स्तुती नाही. वेणुग्रामातील व्यापाऱ्यांनी मालावर बसवलेल्या धर्मादाय पट्ट्यांचा तपशील आहे, परप्रांतीय व्यापाऱ्यांचा निर्देश आहे. आठशे वर्षांपूर्वीही हे गाव बाजारपेठेचे होते आणि त्या पेठेत अनेक भाषा ऐकू येत असणार, असे अनुमान त्यावरून निघते.

त्याही मागे जायचे तर वडगाव-माधवपूर आहे. १९७० च्या दशकात कर्नाटक विद्यापीठाचे डॉ. अ. सुंदर यांनी तेथे उत्खनन केले आणि आजच्या बेळगावच्या उपनगराखाली सातवाहनकालीन नगर असल्याचे दिसून आले. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये केलेले उत्खनन यासोबत वाचले, म्हणजे पंचगंगेपासून मार्कंडेयेपर्यंतचा प्रदेश त्या काळी एकाच व्यापारी संस्कृतीत नांदत होता, हे ध्यानी येते. सातवाहनांना आपली आजची सीमा ठाऊक नव्हती.

निपाणीजवळच्या कागल तालुक्यात म्हाकवे नावाचे खेडे आहे. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांचा जन्म तेथे १८९८ साली झाला. त्यांचा राष्ट्रकूटांवरील ग्रंथ १९३४ चा. पुढे पाटण्यास राहून त्यांनी कुम्रहार येथे उत्खनन केले आणि बयाना येथे सापडलेल्या गुप्तकालीन सुवर्णनाण्यांच्या संचाची सूची सिद्ध केली. राष्ट्रकूटांचे लेख संस्कृतात आहेत तसेच कानडीतही आहेत. या मराठी विद्वानाने दोन्हींची दखल घेतली, आणि त्यामुळेच त्यांचा ग्रंथ टिकला.

आता लष्करी इतिहासाकडे वळू. येथे मला सर्वांत आदराने नाव घ्यावेसे वाटते ते मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांचे. ते हायस्कुलात शिक्षक होते. पटवर्धनांच्या दफ्तरांतील मोडी पत्रे वाचून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापण्यास प्रारंभ केला आणि १९२४ साली देहावसान होईपर्यंत ते काम सोडले नाही. कर्नाटकातील मोहिमा, फौजेची चणचण, थकलेला रोजमुरा, चाऱ्यादाण्याची काळजी, हे सारे त्या पत्रांत आहे. लढाई तलवारीने होते, परंतु मोहीम धान्याने आणि पैशाने चालते, हे मला समजले ते खऱ्यांमुळे.

१७९९ च्या सप्टेंबरात निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यातील पट्टणकुडी येथे कोल्हापूरकरांशी झालेल्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन कामास आले. त्यांच्या अंताच्या दोन हकीकती सांगितल्या जातात. एक म्हणते, रणात लागलेल्या जखमांनी ते गेले. दुसरी म्हणते, जखमी अवस्थेत छत्रपतींपुढे नेऊन त्यांचा वध झाला. दोन्ही पक्ष मराठी, दोन्ही एकाच मुलखातले, तरी आठवणी दोन. मग जेथे पक्षांच्या भाषाही निराळ्या आहेत, तेथे एकाच बाजूच्या कागदावर विसंबून कसे चालेल?

१८१८ चा बेळगावचा वेढा हे दुसरे उदाहरण. सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल रोजी जनरल टॉमस मन्रोने किल्ला घेतला. व्हॅलेंटाइन ब्लॅकरने १८२१ साली त्या युद्धाचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात तोफांच्या जागा आणि फौजांच्या हालचाली तपशीलवार आहेत. ग्रंथ मोलाचा आहे, पण तो वेढा घालणाऱ्याचा आहे. तटाच्या आतल्या शिबंदीने ते दिवस कसे काढले, हे जाणण्यासाठी देशी कागदच धुंडाळावे लागतील.

पुढे १९२२ पासून बेळगाव मराठा पायदळाचे घर झाले. ले. कर्नल म. ग. अभ्यंकर यांनी १९७१ मध्ये या पलटणींचा १७६८ ते १९४७ पर्यंतचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. इटलीच्या रणांगणावर १९४४ मध्ये यशवंत घाडगे आणि १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु ज्यांना पदक मिळाले नाही, त्यांच्या चिठ्ठ्या आपल्याच घरांतील ट्रंकांमध्ये पडून आहेत. त्यांचा ग्रंथ अजून व्हायचा आहे.

या साऱ्याचा निष्कर्ष कित्येकांना रुचणार नाही, तरी तो मांडणे माझे कर्तव्य आहे. आपल्या भूमीचे जुने दगड बहुतांशी कानडी आणि संस्कृत बोलतात, अलीकडच्या शतकांची दफ्तरे मोडीत बोलतात, आणि जेत्यांचे अहवाल इंग्रजीत. यांपैकी एकच भाषा जाणणारा माणूस आपल्या गावचा इतिहास तुकड्यातुकड्यानेच वाचतो. हळेकन्नड वाचल्याने आपले मराठीपण उणे होत नाही, आणि आपल्या भाषिक हक्काची मागणी त्याने दुबळी होत नाही. ती मागणी आज येथे राहणाऱ्या जिवंत माणसांच्या जोरावर उभी आहे, तेराव्या शतकातील शिळेवर नव्हे.

ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या व्यवसायाचाच एक माणूस मिरजेत बसून दफ्तरे वाचत होता. या शाळेतून दरवर्षी दोन विद्यार्थी मोडी आणि दोन विद्यार्थी हळेकन्नड शिकून बाहेर पडले, तर पुढील पिढीला दुसऱ्याच्या सांगण्यावर भिस्त ठेवावी लागणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी एवढा भार उचलावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.