कथाविश्वाची कालानुक्रमणिका

कथाविश्वाची कालानुक्रमणिका म्हणजे एकाच कथाविश्वातील अनेक पुस्तकांमधील घटना कथेतील काळाच्या क्रमाने दाखवणारी सूची, तक्ता किंवा आकृती होय. कोणते पुस्तक कोणत्या काळात घडते, दोन पुस्तकांचे काळ कोठे एकमेकांवर येतात आणि नव्या वाचकाने सुरुवात कोठून करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचकाला थोडक्यात मिळावीत, हा तिचा हेतू असतो. लेखक कथाविश्व बहुधा सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ लिहीत नाहीत. त्यामुळे पुस्तकांचा प्रकाशनक्रम आणि कथाक्रम वेगळे पडतात व अशा अनुक्रमणिकेची गरज निर्माण होते.

मराठीत या प्रकाराचे सर्वांत मोठे क्षेत्र ऐतिहासिक कादंबरी हे आहे. शिवकाल आणि पेशवाई यांवरील कादंबऱ्या निरनिराळ्या लेखकांनी शंभराहून अधिक वर्षे लिहिल्या असल्या, तरी त्यांतील स्थळे, व्यक्ती व प्रसंग पुष्कळसे समान आहेत. सातारा जिल्ह्यातील जावळीचे खोरे हे अशा समान स्थळांपैकी एक असून, मेढा हे आजच्या जावळी तालुक्याचे मुख्यालय आहे.

पूर्वपरंपरा

घटना काळाच्या क्रमाने नोंदवण्याची पद्धत मराठीत जुनी आहे. तिला शकावली म्हणतात. शकावलीत शक, संवत्सर, महिना, तिथी आणि त्यापुढे घटनेचे एक-दोन वाक्यांचे टिपण असते. वर्णन किंवा भाष्य जवळजवळ नसते. बखरीत कथन विस्तृत असते, पण कालक्रम अनेकदा सैल असतो. करिन्यात एखाद्या घराण्याची हकीकत सांगितलेली असते.

कारी येथील जेधे घराण्याच्या संग्रहातील जेधे शकावली ही शिवकालाच्या अभ्यासातील महत्त्वाची शकावली आहे. तीत शके १५४० ते १६१९ या काळातील नोंदी आहेत. लोकमान्य टिळक यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली. कथाविश्वाची अनुक्रमणिका करणाऱ्यास शकावलीपासून दोन गोष्टी घेता येतात: नोंद आखूड ठेवणे आणि प्रत्येक नोंदीचा काळ आधी, घटना नंतर लिहिणे.

प्रकाशनक्रम आणि कथाक्रम

हरि नारायण आपटे यांनी ‘उषःकाल’ ही शिवकालाच्या आरंभावरील कादंबरी १८९५ ते १८९७ या काळात लिहिली. विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ ही कादंबरी १९१३ ते १९१५ या काळातील, म्हणजे लेखनाच्या दृष्टीने बरीच नंतरची. तिचा कथाकाल मात्र १५६५ च्या आसपासचा, म्हणजे ‘उषःकाल’च्या आधीचा आहे. मौर्यकाळावरील ‘चंद्रगुप्त’ या दोन्हींच्या कितीतरी मागे जाते. हरिभाऊंच्या अनेक कादंबऱ्या ‘करमणूक’ या त्यांच्या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. त्यामुळे अशा पुस्तकांच्या प्रकाशनकालाची नोंद एका वर्षाने होत नाही. आरंभ आणि समाप्ती अशी दोन वर्षे द्यावी लागतात.

ना. सं. इनामदार यांच्या कादंबऱ्यांत हा फरक अधिक ठळक आहे. १९६३ मधील ‘झेप’ ही त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावरील कादंबरी उत्तर पेशवाईतील आहे. ‘झुंज’ यशवंतराव होळकर यांच्यावर आणि ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावावर आहे. त्यानंतर लेखक मागे वळतो: ‘शहेनशहा’ औरंगजेबावर, ‘राऊ’ (१९७२) पहिल्या बाजीरावावर, ‘शिकस्त’ पानिपतानंतरच्या पार्वतीबाईंवर आणि ‘राजेश्री’ (१९८६) शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळावर आहे. म्हणजे ज्याला मराठेशाहीचा काळ क्रमाने वाचायचा आहे, त्याने उशिरा लिहिलेल्या ‘राजेश्री’पासून आरंभ करून आधी लिहिलेल्या ‘झेप’ व ‘मंत्रावेगळा’कडे यावे लागते. रणजित देसाई यांच्या बाबतीतही थोरल्या माधवराव पेशव्यांवरील ‘स्वामी’ (१९६२) आधी आली आणि शिवचरित्रावरील ‘श्रीमान योगी’ नंतर.

जागतिक साहित्यातील परिचित उदाहरण सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेचे आहे. सात पुस्तकांच्या या मालिकेत ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) प्रथम प्रसिद्ध झाले. नार्नियाच्या निर्मितीची कथा सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ १९५५ मध्ये आले. पुढील आवृत्त्यांत पुस्तकांना कथाक्रमानुसार क्रमांक देण्यात आले आणि कोणता क्रम वाचनास योग्य, हा वाद वाचकांत कायम राहिला. निर्मितीचे रहस्य आधीच कळल्याने पहिल्या पुस्तकातील विस्मय कमी होतो, असे प्रकाशनक्रमाच्या बाजूचे वाचक म्हणतात. यावरून कालानुक्रम आणि वाचनक्रम या दोन वेगळ्या शिफारशी आहेत, हे स्पष्ट होते.

कालगणनेतील अडचणी

काल्पनिक विश्वात कालगणना लेखकाने निर्माण केलेली असते. ऐतिहासिक कादंबरीत ती साधनांतून येते आणि साधनांत एकाहून अधिक कालगणना असतात.

शालिवाहन शक: शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सूत्र वर्षाच्या पहिल्या भागापुरतेच खरे आहे. पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन हे महिने १ जानेवारीनंतर येत असल्याने तेथे ७९ मिळवावे लागतात. शके १५७७ च्या पौषात जावळी घेतल्याचा प्रसंग केवळ ७८ मिळवल्यास १६५५ मध्ये पडतो. प्रत्यक्षात तो जानेवारी १६५६ मधील आहे.

शुहूर सन: मराठी पत्रव्यवहारात हा सन अरबी संख्याशब्दांत लिहिलेला आढळतो. त्याचे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढील मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. ‘सीत खमसैन अलफ’ म्हणजे १०५६. जानेवारी १६५६ या वर्षात येतो.

हिजरी सन: हे चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने त्याचा आरंभ दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतो. ठरावीक संख्या मिळवून त्याचे रूपांतर करता येत नाही.

जुलियन आणि ग्रेगोरियन दिनांक: शिवकालातील प्रचलित इंग्रजी दिनांक बहुधा जुलियन पंचांगाचे आहेत. अफझलखानाच्या वधाचा १० नोव्हेंबर १६५९ हा दिनांक ग्रेगोरियन पंचांगाने २० नोव्हेंबर होतो. पानिपतच्या लढाईचा १४ जानेवारी १७६१ हा दिनांक मात्र ग्रेगोरियन आहे. एकाच तक्त्यात दोन्ही येत असतील, तर कोणती पद्धत वापरली ते आरंभीच सांगणे आवश्यक असते.

बदललेल्या तिथी: शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातील, म्हणजे १६२७ मधील, असे पूर्वी मानले जात असे. जेधे शकावलीत फाल्गुन वद्य ३ शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी आहे आणि आज शासकीय जयंती याच दिनांकास साजरी होते. १९१६ पूर्वी लिहिणाऱ्या कादंबरीकारांपुढे ही शकावली नव्हती. पहिल्या तिथीप्रमाणे जावळीच्या प्रसंगी महाराज २८ वर्षांचे, तर दुसरीप्रमाणे २५ वर्षांचे ठरतात. जुन्या कादंबरीतील वय नव्या तिथीनुसार दुरुस्त करणे अनुक्रमणिकेच्या कक्षेत बसत नाही. कादंबरीतील काळ तसाच नोंदवून फरक स्वतंत्र टिपेत देणे योग्य ठरते.

मांडणीची तत्त्वे

१. दोन काळ, दोन स्तंभ. कथाकाल व प्रकाशनकाल शेजारी शेजारी द्यावेत. क्रम कथाकालाने लावावा. प्रकाशनवर्ष लहान अक्षरांत द्यावे.

२. बिंदूऐवजी पट्टी. कादंबरीचा कथाकाल एका वर्षाचा क्वचितच असतो. आरंभ ते अखेर अशी पट्टी काढल्यास समकालीन पुस्तके दिसतात. यशवंतराव होळकर १८११ मध्ये वारले आणि पेशवाई १८१८ मध्ये संपली. म्हणून ‘झुंज’, ‘झेप’ आणि ‘मंत्रावेगळा’ एकाखाली एक लिहिण्यापेक्षा समांतर पट्ट्यांत अधिक स्पष्ट होतात.

३. क्रम कशावरून लावला ते सांगणे. पट्टीच्या आरंभावरून क्रम लावला की अखेरीवरून, हे एकदा ठरवून सर्वत्र पाळावे. आठवणीच्या रूपाने येणारा पूर्वकाळ मुख्य पट्टीत न मिळवता तुटक रेषेने दाखवावा.

४. निश्चितीचे दर्जे. पुस्तकात स्पष्ट सांगितलेला काळ, घटनांवरून काढलेला काळ आणि केवळ अंदाज यांना वेगवेगळी चिन्हे असावीत. केवळ रंगावर अवलंबून राहू नये. काळ्या-पांढऱ्या छपाईत व रंगांधळ्या वाचकांना फरक कळला पाहिजे.

५. रहस्यरक्षण. पहिल्या स्तरावर पुस्तकाचे नाव, काळ आणि स्थळ एवढेच असावे. कोणाचा मृत्यू, कोणाची फितुरी अशा गोष्टी दुसऱ्या स्तरावर ठेवाव्यात. इतिहास सर्वांना ठाऊक असला, तरी कादंबरीतील काल्पनिक पात्रांचे भवितव्य ठाऊक नसते.

६. नावांची सूची. ‘चंद्रराव’ हे जावळीच्या मोऱ्यांचे नाव नसून आदिलशाहीकडून मिळालेला, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला किताब होता. दोन पुस्तकांतील चंद्रराव एकच व्यक्ती असतील असे नाही. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव यांचीही अशीच गल्लत होते.

७. स्थळांची सूची. ऐतिहासिक जावळी कोयनेच्या खोऱ्यात प्रतापगडाच्या परिसरात आहे, तर तालुक्याचे मुख्यालय मेढा वेण्णा नदीच्या काठी आहे. तालुक्याच्या नावावरून मेढ्याला जुनी जावळी समजल्यास नकाशावरील संपूर्ण कथानक डोंगराच्या दुसऱ्या बाजूस जाते.

नमुना: जावळीचे खोरे

जावळी परिसराशी संबंधित कथाविश्वाचा आधारस्तंभ म्हणून पुढील घटना घेता येतात. कोणत्याही कादंबरीची पट्टी यांच्या शेजारी ठेवून तिचा काळ ठरवणे सोपे जाते.

• पौष, शके १५७७ (जानेवारी १६५६): शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली.
• १६५६: रायरीचा किल्ला ताब्यात आला, पुढे हाच रायगड झाला.
• १६५६ नंतर: मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगडाची उभारणी.
• मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१ (१० नोव्हेंबर १६५९): प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध.
• ज्येष्ठ, शके १५९६ (६ जून १६७४): रायगडावर राज्याभिषेक, येथून राज्याभिषेक शक सुरू झाला.

‘श्रीमान योगी’सारखी चरित्रात्मक कादंबरी या सर्व घटनांना सामावते. गो. नी. दांडेकर यांच्या शिवकालीन कादंबऱ्यांत (‘बया दार उघड’, ‘हर हर महादेव’, ‘दर्याभवानी’, ‘झुंजार माची’, ‘हे तो श्रींची इच्छा’) हाच काळ पाच पुस्तकांत विभागलेला आहे. दोन्हींचा तक्ता एकत्र केला, तरी लेखकागणिक पट्टी स्वतंत्र ठेवावी लागते. एका लेखकाचे काल्पनिक पात्र दुसऱ्याच्या कथाविश्वात अस्तित्वात नसते.

स्थिर वयाची पात्रे

सर्व मालिकांना कालानुक्रम लावता येत नाही. भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणे मालिकेतील फुरसुंगीचा बनेश फेणे अनेक पुस्तकांतून शाळकरीच राहतो. १९६२ च्या भारत-चीन युद्धासारखी घटना कथेत आली की त्या पुस्तकाचा काळ निश्चित होतो. पण तेवढ्यावरून इतर पुस्तकांतील त्याचे वय मोजत गेल्यास विसंगती निर्माण होते. अशा मालिकेसाठी वर्षांऐवजी ‘आधी–नंतर’ असा सापेक्ष क्रम, किंवा स्थळांनुसार केलेली सूची अधिक उपयोगी पडते. या मालिकेतील एक पुस्तक प्रतापगडावर घडते. त्यामुळे स्थळसूचीत ते शिवकालीन कादंबऱ्यांच्या शेजारी येते, काळाच्या तक्त्यात मात्र सुमारे तीनशे वर्षे दूर राहते.

आर्थर कॉनन डॉईल यांच्या शेरलॉक होम्सच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांचे वाचकांनी अनेक कालानुक्रम तयार केले आहेत. मूळ कथांतील दिनांक परस्परांशी जुळत नसल्याने त्यांपैकी कोणतेही दोन पूर्णपणे सारखे नाहीत.

मर्यादा व आक्षेप

कालानुक्रमणिकेवरील मुख्य आक्षेप असा की ती कादंबरीला इतिहासाचे रूप देते. तक्त्यात दस्तऐवजातील दिनांक आणि कादंबरीकाराने कल्पिलेला प्रसंग एकाच ओळीत, एकाच अक्षरात आले, की विद्यार्थ्याला दोहोंतील भेद कळत नाही. जावळीचा प्रसंग या दृष्टीने नाजूक आहे. मोऱ्यांशी झालेला संघर्ष, त्यामागची कारणे आणि त्यातील व्यक्तींचे हेतू यांविषयी बखरी व इतर साधने एकमत नाहीत. कादंबरीकाराला त्यांतील एक बाजू निवडावी लागते, आणि वाचकाच्या मनात तीच बाजू घटना म्हणून राहते. यावर उपाय म्हणून साधनांतील घटना व कादंबरीतील प्रसंग यांना दोन वेगळ्या ओळी देणे, आणि हेतूविषयीची विधाने तक्त्यात न घेणे, ही पद्धत सुचवली जाते.

दुसरा आक्षेप अतिनेमकेपणाचा आहे. लेखकाने ‘पावसाळ्याचे दिवस’ एवढेच लिहिले असताना अनुक्रमणिकेत विशिष्ट महिना देणे हे वाचनाच्या पलीकडचे आहे. जेथे पुस्तक मौन पाळते, तेथे तक्त्यातही जागा मोकळी ठेवणे इष्ट मानले जाते.

हेही पहा

• शकावली
• बखर
• जेधे शकावली
• मराठी ऐतिहासिक कादंबरी
• जावळी
• मेढा
• प्रतापगड
• फास्टर फेणे